आठशे सेकंद : एका अंतराळ-श्रुतिकेच्या नोंदी

५ जानेवारी

आजपासून काम सुरू. अंतराळातल्या लढाईवर मराठीत श्रुतिका करायची, पस्तीस-चाळीस मिनिटांची. लेखन आणि गणितं माझ्याकडे, ध्वनिमुद्रण आणि संकलन दादाकडे. दादा म्हणजे मावसभाऊ. वहिनी यानाच्या कप्तानाचा आवाज देणार आहे. हौशी नाटकांत तिनं बरंच काम केलंय. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत तिचा आवाज खणखणीत पोचतो. आमचे निवृत्त भौतिकशास्त्राचे सर आकडे तपासायला तयार झालेत. त्यांची अट एकच: "आधी फळ्यावर मांडायचं, मग लिहायचं."

कथानक थोडक्यात. चंद्राभोवती बऱ्याच उंचीवर इंधनाचा एक साठा फिरतोय. त्याची राखण करणारं एक यान, आत तीन माणसं. २,४०० किलोमीटरवरून दुसरं यान क्षेपणास्त्र सोडतं. त्याचा वेग सेकंदाला ३ किलोमीटर. पोचायला लागणार ८०० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटं वीस सेकंद. ही ८०० सेकंदं कुठेही न कापता, घड्याळाप्रमाणे ऐकवायची. आधीचा भाग माणसांची ओळख व्हावी म्हणून, नंतरचा थोडका.

दादाला पहिल्या दिवसापासून एक धास्ती आहे. ती आजच लिहून ठेवते, कारण ती रास्त आहे: लेझरचा "प्यूँ प्यूँ" नाही, स्फोटाचा "धडाम" नाही, तर लोक तिसऱ्या मिनिटाला बंद करतील.

१७ जानेवारी

काल गड्ड्याच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम. दादानं गच्चीवर दोन माइक लावून सगळं रेकॉर्ड केलं. उजेड आणि आवाज यांत तीनेक सेकंदांचं अंतर येत होतं, म्हणजे आमची गच्ची होम मैदानापासून किलोमीटरभर.

आज ते रेकॉर्डिंग ऐकत बसलो. दारूकाम बघताना छातीत जो दणका बसतो तो हवेमुळे. ठिणग्यांचा झुबका उमलतो, मंदावतो आणि खाली झुकतो, तो हवेच्या अडथळ्यामुळे आणि गुरुत्वामुळे. मागच्या आताषबाजीचा धूर पुढच्या उजेडात लाल-हिरवा दिसतो, तोही हवेत तरंगतो म्हणून. यातली हवा काढून घेतली की स्फोट क्षणभर चमकून विझतो, तुकडे सुटल्या वेगानं सरळ जात राहतात. मंदावत नाहीत, वळत नाहीत, मागे ढग ठेवत नाहीत. पडद्यावरच्या बहुतेक अंतराळयुद्धांत आपण जे बघतो ते होम मैदानावरचंच दारूकाम असतं, फक्त मागे तारे लावलेले.

दारूकामाला मी नावं ठेवत नाहीये. दरवर्षी गच्चीवर जाऊन बघते आणि पुढेही बघणार. पण अंतराळाचं स्वतःचं काहीतरी थरारक असेलच ना? ते शोधायच्या आधीच इथलं तिथं नेऊन चिकटवणं मला पटत नाही.

दादानं विचारलं, "मग ऐकायला उरलं काय?" हाच आता प्रकल्पाचा प्रश्न.

२६ जानेवारी

नियम ठरला: प्रत्येक आवाजाला कानापर्यंत यायला वाट हवी. वाट सांगता आली तर आवाज ठेवायचा, नाही तर काढायचा.

वाटा मोजल्या तर बऱ्याच निघाल्या. यानातली हवा. यानाचा सांगाडा, म्हणजे पत्रा, पाइप, बोल्ट, आणि त्याला टेकलेला बूट किंवा हातमोजा. शिरस्त्राणाच्या आतली हवा, ज्यात स्वतःचा श्वास, थुंकी गिळणं, घशातला कंप सगळं ऐकू येतं. आणि रेडिओ.

पहिला आवाज सरांनी दिला. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर चढत नाही, कारण "वर" असं काही नसतंच. पंखा नसेल तर झोपलेल्या माणसानं सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्याच तोंडाभोवती साठत जातो. त्यामुळे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पंखे अहोरात्र चालू असतात आणि तिथं राहणाऱ्यांच्या कानात ती घरघर कायम असते. म्हणजे आमच्या श्रुतिकेचा पायाच पंख्याची घरघर. दोन मिनिटांत श्रोता ती विसरेल. मग योग्य जागी ती थांबवायची.

यावर दादा खूश. त्याला पहिल्यांदाच या कामात वाव दिसला.

२ फेब्रुवारी

आज लेझर. सरांच्या घरी फळ्यासमोर अख्खी सकाळ गेली.

लेझरचा किरण बाजूनं दिसत नाही, कारण पोकळीत त्याला विखुरणारी धूळ नाही, बाष्प नाही. आवाज नाहीच. आणि तो सरळ रेषेत जात असला तरी पसरतो. प्रकाशाचा हा गुणच आहे, कितीही चांगली भिंगं केली तरी चुकत नाही. आमच्या यानाचा आरसा १ मीटरचा, लेझरची तरंगलांबी १ मायक्रोमीटर. २,४०० किलोमीटरवर ठिपका होतो जवळजवळ ६ मीटर व्यासाचा. १ मेगावॅटचा लेझर त्या ठिपक्यावर पसरला की दर चौरस मीटरला ३७ किलोवॅट पडतात. पृथ्वीजवळ सूर्याचं ऊन दर चौरस मीटरला १.३६ किलोवॅट. म्हणजे सत्तावीस सूर्य. खूप वाटतं, पण त्यानं धातूचं कवच चिरत नाही. १०,००० किलोमीटरवर तर हाच लेझर उन्हाच्या दीडपट उरतो; शत्रूला ऊबच मिळायची.

मी जरा हिरमुसले होते. सर म्हणाले, "अगं, त्याला चिरायचं कशाला? त्याला दिसेनासं कर की."

इथून सगळं उलगडत गेलं. २,४०० किलोमीटरवरून मारलेला साधा गोळा कधीच लागत नाही. समोरच्या यानानं गुरुत्वाच्या एक हजारांश इतका हलका धक्का ८०० सेकंद चालू ठेवला तरी ते ३ किलोमीटर बाजूला सरकलेलं असतं. तेव्हा येणारं अस्त्र वाटेत दिशा बदलणारं हवं, म्हणजे त्याला डोळा हवा, उष्णता बघणारा. त्या डोळ्याचं भिंग आमचा लेझर गोळा करून नेमका आतल्या संवेदकावरच पाडणार. सत्तावीस सूर्य पत्र्याला काही करत नाहीत, पण डोळा जाळायला भरपूर. मग शत्रूचं अस्त्र डोळा मिटून घेतं. त्याचा डोळा मिटला की आपण सरकायचं, आणि त्यानं उघडला की पुन्हा लेझर. तेरा मिनिटं वीस सेकंद हा लपंडाव चालतो आणि यात कुठेही एकही स्फोट नाही.

लेझरचा आवाज काय ठेवायचा, तेही ठरलं. १ मेगावॅट बाहेर फेकायला साधारण सव्वातीन मेगावॅट वीज लागेल असं धरलं. उरलेले २.३ मेगावॅट उष्णता होऊन यानातच राहणार आणि ती वाहून न्यायला पंप लागणार. आमच्या श्रुतिकेत लेझर सुरू होतो तेव्हा पंप चढत्या सुरात घुमायला लागतो. कप्तान "मार" म्हणते आणि सांगाडा थरथरतो.

१६ फेब्रुवारी

उष्णतेनं मागचा अख्खा आठवडा खाल्ला. तो वाया गेला नाही. माझ्या मते या श्रुतिकेचं खरं नाट्य इथंच आहे.

पोकळीत उष्णता घालवायचा एकच कायमचा मार्ग, तो म्हणजे विकिरण. आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या बाहेर पसरलेले पांढरे रेडिएटर हेच करतात. त्यांच्यातून अमोनिया फिरतो आणि ते सुमारे ७० किलोवॅट उष्णता अवकाशात सोडतात. आपल्याला सोडायचेत २.३ मेगावॅट, म्हणजे त्याच्या तेहतीस पट. खोलीच्या तापमानाचा रेडिएटर ठेवला तर दोन्ही बाजू धरून २,५०० चौरस मीटरचं पान लागेल. पण विकिरण तापमानाच्या चौथ्या घातानं वाढतं. तोच रेडिएटर १,००० केल्विनला, म्हणजे लालबुंद होईपर्यंत चालवला की २० चौरस मीटरच पुरतो. उष्णता इतकी वर चढवायला वेगळी यंत्रणा लागते आणि ती स्वतः वीज खाते. सरांनी तो हिशेब फळ्याच्या कोपऱ्यात मांडून ठेवलाय, श्रुतिकेत त्याचा उल्लेख एका वाक्याचा.

तर लालबुंद रेडिएटर. पाठीमागे ३ केल्विनचं काळंकुट्ट आकाश आणि त्यावर हे पेटतं पान. शत्रूच्या डोळ्याला याहून सोपं लक्ष्य नाही. अंतराळात लपता येत नाही ते याचमुळे. तेव्हा कप्तानानं रेडिएटर मिटून घ्यायचे. मिटले की उष्णता आतच.

ती शोषायला यानात १ टन बर्फ आहे. शून्य अंशाचा बर्फ वितळून पाणी उकळीला येईपर्यंत साधारण ७५ कोटी ज्यूल घेतो. २.३ मेगावॅटनं भागा: ३२७ सेकंद. साडेपाच मिनिटंसुद्धा नाहीत, आणि लढाई आहे ८०० सेकंदांची. या ३२७ मधली ३३ सेकंदं शेवटासाठी राखून ठेवायची, कारण अस्त्र १०० किलोमीटरच्या आत आलं की लेझरचा ठिपका जेमतेम २४ सेंटीमीटरचा होतो आणि मग तो अॅल्युमिनियम खरोखर वितळवतो. उरली २९४ सेकंदं. ती कुठे, कधी, किती खर्चायची?

हे कोष्टक वहिनीला दाखवलं. ती बराच वेळ कागद बघत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे ही बाई सबंध वेळ हिशेब करतेय. ओरडायला हिला वेळच नाही." बरोबर. भूमिका तिला माझ्या आधी सापडली.

२३ फेब्रुवारी

पाणी उकळवून वाफ बाहेर सोडली तर तोच टन आणखी तिप्पट उष्णता घेऊन जातो. पण ते पाणी कायमचं जातं, आणि परतीच्या वाटेवर पिण्याचं पाणी तेच. हा निर्णय सातशेव्या सेकंदाला ठेवलाय. वाफ पाइपांतून सुटताना सांगाड्यातून जो आवाज येईल तो अख्ख्या श्रुतिकेतला सगळ्यात मोठा. दादाला हवा असलेला दणका त्याला मिळाला, आणि त्याची वाट सरांनी पाइपासकट मान्य केली.

९ मार्च

कप्तान पहिला वार का करत नाही, हे नीट बसत नव्हतं. नुसतं "ती शांतताप्रिय आहे" म्हणणं लंगडं. म्हणून प्रत्यक्षात अंतराळात शस्त्रं कधी चालली, ते पुन्हा वाचून काढलं.

सोव्हिएत युनियननं १९७४ साली सोडलेल्या सॅल्यूत-३ या स्थानकावर तोफ बसवली होती. ती स्थानकाला जखडलेली, त्यामुळे नेम धरायचा तर १८ टनांहून जड असं अख्खं स्थानक वळवावं लागे. २४ जानेवारी १९७५ रोजी, आत कुणी नसताना, जमिनीवरून आज्ञा देऊन ती झाडली. हे वाचून मी तासभर पानं उलटत राहिले. सगळ्या चित्रांत तोफा गर्रकन फिरतात, आणि जी खरोखर तिथं नेली तिच्यासाठी घरच फिरवावं लागत होतं. आमच्या यानाचीही तोफ आता जखडलेली. "वळव" म्हटल्यावर आख्खं यान वळतं आणि मध्ये दहा-बारा सेकंद जातात. त्या सेकंदांत तिघांपैकी कुणी बोलत नाही.

पण कप्तानाचं कारण मिळालं ते उपग्रहविरोधी चाचण्यांत. चीननं जानेवारी २००७ मध्ये सुमारे ८६५ किलोमीटर उंचीवर स्वतःचा हवामान उपग्रह फोडला. त्याचे ३,००० हून जास्त तुकडे नोंदवले गेले आणि त्यांतले कित्येक अजून फिरताहेत. भारतानं २७ मार्च २०१९ रोजी मिशन शक्तीत उपग्रह पाडला तो मुद्दाम ३०० किलोमीटरच्या आसपास, तुकडे लवकर वातावरणात यावेत म्हणून. १५ नोव्हेंबर २०२१ ला रशियानं कॉसमॉस-१४०८ फोडला, तेव्हा आंतरराष्ट्रीय स्थानकातल्या मंडळींना आपापल्या परतीच्या कुप्यांत जाऊन बसावं लागलं. त्यात त्यांचे स्वतःचे दोन रशियन अंतराळवीरही होते.

चंद्राभोवती तर तुकडे खाली ओढून जाळायला वातावरणच नाही. जो साठा राखायचा त्याच्याच कक्षेत शत्रूचं यान फोडलं तर आपणच तो साठा कायमचा धोक्यात घातला. ही बाई वार करत नाही ती याकरता. एक पान संवाद काढून टाकता आला.

२३ मार्च

अक्कलकोट रोडला ओळखीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात रेकॉर्डिंग. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. टॉवेलचे माग, जुने, धोट्याचे (आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो धोटा).

दादानं पिझो चकतीचा कॉन्टॅक्ट माइक केलाय. तो हवेतलं ऐकत नाही, ज्याला टेकवला त्या वस्तूचा कंप तेवढा घेतो. चिकटपट्टीनं लावायला गेलो तर मागाच्या चौकटीवर तेल आणि त्यावर कापसाच्या तंतूंचा थर, पट्टी धरेचना. शेवटी अण्णांनी कुठूनसं लोहचुंबक आणून दिलं. चुंबकाखाली चकती दाबून बसवली आणि हेडफोन लावला, तर कारखान्यातला सगळा गलका गायब. उरला फक्त त्या एका मागाच्या लोखंडातून येणारा ठोका. धोटा या पेटीतून त्या पेटीत जाऊन आदळतो तेव्हा "खट्" नाही येत. येतो एक जाड, आखूड दणका, आणि त्यामागे लोखंडाची लांबट कुरकुर.

हाच आमच्या तोफेचा आवाज. १ किलोचा गोळा सेकंदाला ३ किलोमीटरनं सुटला की १०० टनांचं यान सेकंदाला ३ सेंटीमीटरनं मागे सरकतं. आत उभ्या माणसाला तो आवाज बुटाच्या तळव्यातून येईल. धोट्याचा ठोका थोडा संथ केला आणि वरची पट्टी कापली. दुसरं काही करावं लागलं नाही.

निघताना अण्णा मध्येच थांबले. "तिकडचा तिसरा बगा, पट्टा ढिला हाय. ऐकू आलं का?" आम्हाला काहीच कळलं नाही. इतक्या मागांच्या गोंगाटात त्यांना एक पट्टा ऐकू आला. जॉबरनं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्यानं, जाऊन बघितलं, पट्टा खरंच सैल होता.

रात्री घरी येऊन यंत्रज्ञाची भूमिका पुन्हा लिहिली. आता तो कुठलाही तबकडीचा आकडा वाचत नाही. सांगाड्यावर हात ठेवतो आणि सांगतो, "दुसरा पंप हवा ओढतोय."

१३ एप्रिल

पारा ४२ च्या वर. आवाज रेकॉर्ड करायचे तर पंखा बंद, कूलर बंद, खिडक्यांना गाद्या लावलेल्या. म्हणून रात्री अकरानंतर बसतो.

अंतराळपोशाखाच्या पाठीवरच्या पेटीत पाणी अगदी बारीक छिद्रांतून बाहेर सोडतात. पोकळीत ते गोठतं आणि त्या बर्फाची थेट वाफ होताना अंगाची उष्णता जाते. आमच्या खिडकीतला वाळ्याचा कूलरही पाणी उडवूनच गार करतो. वहिनीला हे सांगितल्यावर तिनं पोशाख चढवण्याचा प्रसंग बदलून मागितला: अंगावर गारवा पसरल्यावर माणूस आधी सुटकेचा श्वास सोडेल, मग घाबरेल. तसाच घेतला.

पोशाख चढवल्यावर कप्तान यानातली हवा टाक्यांत ओढून घ्यायला सांगते. याचं कारण असं की भरल्या हवेत तुकडा घुसला तर हवेतच दाबाची लाट उठते आणि आगीचा धोका. श्रुतिकेसाठी हे वरदानच आहे. हवा विरळ होत जाते तसे आवाज एकेक करून मरतात. आधी बारीक, मग जाड, शेवटी पंख्याची घरघर. दादानं हे उतरणं दीड मिनिटात बसवलंय आणि त्यानंतर जे उरतं ते फक्त श्वास, रेडिओ आणि बुटांतून येणारा सांगाडा. आजवर त्यानं केलेल्या कामातलं हे सर्वांत सुंदर आहे.

वहिनीला आवाज खाली आणणं जड गेलं. रंगमंचाची सवय. पण शिरस्त्राणात माइक ओठांपासून बोटभर अंतरावर असतो. तिथं कुणी गरजत नाही. आता ती कुजबुजते आणि आकडे सांगते, आणि मला तरी त्याची जास्त भीती वाटते.

२० एप्रिल

वाद झाला, लांबलचक. दादाचं म्हणणं: यानाच्या संगणकानं बाहेरच्या घटनांना मुद्दाम आवाज द्यावेत. लढाऊ विमानात क्षेपणास्त्रानं लक्ष्य पकडलं की वैमानिकाच्या कानात गुरगुर येतेच. मग अंतराळयानात स्फोटाचा आवाज संगणकानं काढला तर नियम कुठे मोडतो?

अर्धं मान्य केलं. माणसाचे डोळे कामात असताना कानाला माहिती देणं शहाणपणाचं आहे. म्हणून अस्त्राच्या अंतराचा एक सूर ठेवला; जवळ येईल तसा चढतो, डोळा मिटला की तुटक होतो. "धडाम" मात्र मान्य नाही. तो कप्तानाला काहीच सांगत नाही, तो फक्त श्रोत्यासाठी आहे आणि श्रोत्याला ते तत्काळ कळतं. यानातल्या माणसाला ज्याचा उपयोग नाही असा आवाज घातला की श्रोता यानातून बाहेर पडतो आणि खुर्चीत येऊन बसतो.

दादा म्हणाला, "ठीक आहे, पण सूर मी ठरवणार." ठरव बाबा.

११ मे

कच्चं मिश्रण काही जणांना ऐकवलं: कॉलेजची मुलं, अण्णा, सर, वहिनीच्या नाटकातल्या दोघी.

एका मुलानं सुरुवातीलाच विचारलं, "मॅडम, धमाका कधी आहे?" मी म्हटलं, ऐक. पंखा थांबला तिथं त्यानं हेडफोन काढून वायर तपासली, पुन्हा लावला, आणि मग शेवटपर्यंत हलला नाही. नंतर त्यानं मला गाठून विचारलं ते बर्फाबद्दल: पाणी आधीच सोडून दिलं असतं तर लेझर जास्त वेळ चालला असता ना? आम्ही दोघं जिन्यात उभं राहून २९४ सेकंदांचा हिशेब करत होतो. असा वाद पुढे कुणीतरी कुणाशी घालावा म्हणूनच तर हे सगळे आकडे खरे ठेवायचे.

नाटकातल्या एकीला पहिली दहा मिनिटं कोरडी वाटली. खरंय. शत्रूच्या डोळ्याचं तंत्र समजावणारा संवाद कापून निम्मा केला.

अण्णा ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाले, "तो पंपवाला पोरगा बरोबर हाय."

१ जून

शेवटच्या ३३ सेकंदांचं काम. अस्त्र वितळून फुटतं, पण तुकड्यांचा वेग कुठे जाणार? ते ३ किलोमीटरनं येतच राहतात. १ ग्रॅमच्या तुकड्यात साडेचार किलोज्यूल ऊर्जा असते, रायफलच्या गोळीपेक्षा जास्त. यानाभोवती पातळ पत्र्याचं दुसरं आवरण आहे, फ्रेड व्हिपल यांनी १९४० च्या दशकात सुचवलेल्या ढालीसारखं: तुकडा पहिल्या पत्र्यावर फुटतो आणि त्याचा भुगा पसरून आतल्या भिंतीवर पडतो. वेग जितका जास्त तितका भुगा बारीक. आमच्या ३ किलोमीटरला तुकडे जाडसरच राहतात, म्हणून काही आत घुसतात.

ऐकू येतात ते पाच ठोके. अंतर असमान. दुसरा आणि तिसरा जवळजवळ एकत्र. दादानं ते मागाच्या चौकटीवर नट टाकून घेतलेत. मग पंपाचा सूर घसरतो.

भोकातून कुणी बाहेर ओढलं जात नाही. हवा असती तरी नसतं गेलं: १ सेंटीमीटरच्या भोकातून १०० घनमीटर खोलीतली हवा निम्मी व्हायला तासाभराहून जास्त लागतो. एक भोक दाखवून यंत्रज्ञ म्हणतो, "पट्टी दे." दोघं मिळून ते बुजवतात. या प्रसंगाला मी पूर्ण मिनिट दिलंय आणि त्यातलं काही कापू देणार नाही.

१५ जून

अंतिम मिश्रण झालं. वाफेचा दणका थोडा वर, अंतराचा सूर थोडा खाली. श्रुतिकेच्या पानावर हेडफोन लावून ऐकायची सूचना टाकायची.

दुसऱ्या भागाचं टिपण सुरू केलंय, विषय अंतराळातला अणुस्फोट. हवेशिवाय तिथं धक्क्याची लाट नाही, आगीचा गोळा नाही. बरीचशी ऊर्जा क्ष-किरणांत जाते. ते कवचाचा वरचा पापुद्रा क्षणात उडवतात आणि त्या उडण्याचा उलटा धक्का सांगाड्यातून येतो, म्हणजे याही आवाजाला वाट आहे. खरा दाखला ९ जुलै १९६२ चा: अमेरिकेनं पॅसिफिकवर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनांचा स्टारफिश प्राइम फोडला, तेव्हा चौदाशेहून जास्त किलोमीटरवरच्या होनोलुलूत रस्त्यावरचे काही दिवे गेले. त्यातून अडकून राहिलेल्या किरणोत्सारानं दुसऱ्याच दिवशी सोडलेला टेलस्टार उपग्रहही पुढे निकामी झाला. सरांना विचारायचं: अशा वेळी यानाच्या रेडिओवर नेमकं काय ऐकू येईल, आणि किती वेळ? गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे. फळा पुसून ठेवते म्हणाल्या काकू.